दाब आणि उसंत

सहा-सहा तास उभे राहून शिकवणाऱ्यांना पायांचे दुखणे समजावून सांगायला नको. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ उमटलेला दिसतो. सकाळी सैल वाटलेली चप्पल घट्ट होते आणि पोटऱ्या जड होतात. घरातल्या कोणी पाय चेपून दिले तर बरे वाटते. पाय चेपणे ही आपल्याकडे मायेची आणि सेवेची गोष्ट. पण चेपल्याने पायात नेमके होते काय? आणि दुखणारा प्रत्येक पाय चेपावा का?

पाय चेपण्याचे हे काम करणारे एक यंत्र आता मोठ्या रुग्णालयांत सर्रास दिसते. हवेच्या पिशव्या असलेला कापडी पट्टा पायाभोवती गुंडाळतात. पंप त्यात हवा भरतो आणि पाय आवळला जातो. काही सेकंदांनी हवा निघून जाते आणि पाय मोकळा होतो. थोड्या वेळाने पुन्हा हवा, पुन्हा उसंत. असे तासन् तास चालते. रुग्णालयातील मंडळी याला 'डीव्हीटी पंप' म्हणतात. उपचाराचे पूर्ण नाव इंटरमिटंट न्यूमॅटिक कॉम्प्रेशन. आपण त्याला 'खंडित वायुदाब उपचार' म्हणू. या नावातला 'खंडित' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, हे पाहण्यासाठी शाळेतल्या भौतिकशास्त्रापेक्षा फारसे अधिक काही लागत नाही.

उभ्या माणसाच्या घोट्यातला दाब

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिण्या, म्हणजेच धमन्या. रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या नीला, म्हणजेच शिरा. दोन्हींच्या मधे केशवाहिन्यांचे जाळे असते. रोहिणीची भिंत जाड आणि लवचीक असते, तर नीलेची पातळ आणि सैल.

आता एक छोटे गणित करू. माणूस उभा असताना हृदयापासून घोट्यापर्यंतची उंची सुमारे १२० सेंटिमीटर, म्हणजे १२०० मिलिमीटर असते. रक्त पाण्याच्या १.०६ पट जड असते आणि पारा १३.६ पट. म्हणून रक्ताच्या या स्तंभाचा दाब १२०० × १.०६ ÷ १३.६, म्हणजे सुमारे ९३ मिलिमीटर पारा इतका होतो. अगदी स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत सुई घालून मोजले, तर दाब खरोखरच ९० मिलिमीटरच्या आसपास भरतो. तोच माणूस आडवा झाला की हा दाब १० ते १५ मिलिमीटरवर येतो.

येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज हमखास होतो. रक्त पायातून वर चढवण्यासाठी हृदयाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध फार मोठे काम करावे लागत असणार, असे त्यांना वाटते. तसे नाही. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पाण्याने भरलेली नळी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूचा स्तंभ खाली ढकलतो तेवढाच दुसऱ्या बाजूचाही ढकलतो, आणि दोन्ही तुल्यबळ राहतात. पायातही रोहिणीच्या बाजूला ९० मिलिमीटरची भर पडते आणि नीलेच्या बाजूलाही तेवढीच. दोन्हींच्या दाबांतला फरक तसाच राहतो, आणि रक्त वाहते ते या फरकामुळे.

मग अडचण कोठे आहे? ती नळीच्या भिंतीत आहे. प्रयोगशाळेतली नळी काचेची असते, नीला मात्र मऊ असते. ९० मिलिमीटर दाबाखाली ती फुगते आणि त्यात रक्त साठते. केशवाहिन्यांतला दाबही वाढतो आणि रक्तातले पाणी भिंतीतून झिरपून बाहेरच्या ऊतींमध्ये उतरते. मोज्याचा तो वळ या झिरपलेल्या पाण्यामुळे उठतो.

हे पाहण्यासाठी सुई लागत नाही. हात दोन मिनिटे खाली लोंबकळत ठेवा. हाताच्या पाठीवरच्या निळसर नीला टरारून फुगतील. आता हात सावकाश डोक्याच्या वर न्या. हात हृदयाच्या पातळीच्या जरासा वर जाताच नीला चपट्या होऊन दिसेनाशा होतात. आमच्या मते दाब आणि उंची यांचा संबंध दाखवणारा याहून स्वस्त प्रयोग नाही.

पोटरीतला पंप

साध्या उभे राहण्याने पायात एवढे रक्त साठत असेल, तर चालणाऱ्याचे पाय का सुजत नाहीत? याचे उत्तर पोटरीत आहे.

नीलांच्या आत थोड्या थोड्या अंतरावर नाजूक झडपा असतात. पाडुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांनी त्यांना 'छोटी दारे' म्हटले. पण ही दारे रक्ताचा वेग फक्त कमी करतात, असा त्यांचा समज होता. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खरा अर्थ सांगितला. ही दारे एकाच दिशेने उघडतात आणि ती दिशा हृदयाची असते. हार्वे यांचा प्रयोग आजही कोणालाही करता येतो. ज्याच्या हातावरच्या नीला ठळक दिसतात अशा विद्यार्थ्याच्या दंडाला रुमाल बेताने बांधा. नाडी थांबेल इतका घट्ट नको. फुगलेल्या एका नीलेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तेथून वर, कोपराच्या दिशेने, रक्त पुढे सारत न्या. दुसरे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो. वरचे रक्त खाली येत नाही, कारण झडप बंद असते. खालचे बोट उचलताच तो भाग खालून भरतो. हा सर्व खेळ एका मिनिटात संपवून रुमाल सोडावा.

आता या झडपांच्या भोवती पोटरीचे स्नायू आहेत, हे लक्षात घ्या. पाऊल उचलताना स्नायू आकसतो, आतल्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर जाते. स्नायू सैल पडताच वरच्या झडपा मिटतात आणि रिकाम्या झालेल्या नीलेत खालचे व बाजूचे रक्त शिरते. डब्यातून रॉकेल काढण्यासाठी जो हातपंप वापरत, त्याचा फुगा दाबला की रॉकेल पुढे जाई आणि सोडला की डब्यातले रॉकेल फुग्यात येई. पोटरीचा पंप अगदी तसाच आहे. चालताना घोट्याजवळच्या नीलेतला दाब ९० वरून ३० मिलिमीटरच्या खाली उतरतो. म्हणूनच पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात.

या पंपाला दोन गोष्टी लागतात. स्नायू हलले पाहिजेत आणि झडपा मिटल्या पाहिजेत. फळ्यासमोर एका जागी उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा स्नायू हलत नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचाही हलत नाही. साठलेले संथ रक्त गोठण्याचा धोका तेथे असतो. दुसऱ्या काही जणांच्या झडपाच निकामी झालेल्या असतात. मग स्नायूने वर ढकललेले रक्त पुन्हा खाली घसरते. अशा पायांवर नीला दोरासारख्या वेड्यावाकड्या फुगतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट तपकिरी होते आणि पुढे तेथे महिनोन् महिने न भरणारी जखम होऊ शकते.

निसर्गात या प्रश्नाला आणखी एक उत्तर सापडते. जिराफाच्या घोट्यातला दाब आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, तरी त्याचे पाय सुजत नाहीत. त्याच्या पायांची कातडी अतिशय जाड आणि घट्ट ताणलेली असते, जणू जन्मजात घट्ट मोजाच. डॉक्टर ज्यांना घट्ट मोजे किंवा दाबपट्टी देतात, त्यांच्या पायाला ते जिराफाची कातडी देत असतात.

यंत्र काय करते

ज्याची पोटरी हलत नाही त्याच्यासाठी पोटरीच्या आकुंचनाची नक्कल बाहेरून करणे, एवढीच या यंत्रामागची मूळ कल्पना आहे. रक्तदाब मोजताना डॉक्टर दंडाला जो पट्टा बांधतात, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. पट्ट्यात हवा असते आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे पिशवीतल्या हवेचा दाब सर्व बाजूंना सारखा असतो. त्यामुळे पायावर किती दाब पडतो हे तबकडीवर वाचता येते.

हातांनी बांधलेल्या पट्टीचे तसे नसते. तिचा दाब तीन गोष्टींवर ठरतो: पट्टी किती ताणली, तिचे किती वेढे दिले आणि पायाची गोलाई किती आहे. ताण तोच असेल, तर जेथे गोलाई लहान तेथे दाब जास्त पडतो. म्हणून एकाच ताणाची पट्टी घोट्यावर अधिक आणि पोटरीवर कमी दाब देते. पण नडगीच्या हाडाच्या कडेवर तीच पट्टी काचते आणि कातडी दुखावते. म्हणून पट्टी बांधणे हे शिकून घेण्याचे काम आहे.

अंथरुणातील रुग्णासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रात दाब साधारण ४० ते ५० मिलिमीटर असतो. हवा दहा-बारा सेकंद भरलेली राहते आणि त्यानंतर जवळजवळ मिनिटभर उसंत असते. अनेक यंत्रांत पिशव्यांचे कप्पे असतात. आधी घोट्याजवळचा कप्पा भरतो, मग पोटरीचा, मग मांडीचा. मेंदीचा कोन आपण टोकाच्या विरुद्ध बाजूने पिळत आणतो, तसेच हे. मिनिटभराची उसंत ठेवण्याचे कारणही सरळ आहे. रिकाम्या केलेल्या नीला पुन्हा भरायला वेळ लागतो. न भरलेली पिचकारी कितीही जोरात दाबली तरी तिच्यातून काही निघत नाही.

रक्त पोचतच नसेल तर?

आतापर्यंत आपण रक्त परत न फिरणाऱ्या पायांविषयी बोललो. पण पायांच्या दुखण्याची दुसरी जात याच्या उलट आहे. तेथे नीला ठीक असतात, पण रोहिण्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या असतात. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची दोन मोठी कारणे. अशा माणसाच्या पोटरीत ठरावीक अंतर चालले की गोळे येतात आणि थांबले की दोन-चार मिनिटांत ते जातात. रोग वाढला की रात्री झोपेतही पाऊल दुखते, बोटांवर जखमा होतात, त्या चिघळतात आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या घरापासून दूर नाही.

अशा पायाला मुळात रक्त कमी मिळते. त्यावर बाहेरून दाब दिला तर उरलेसुरले रक्तही बंद होईल, असेच कोणीही म्हणेल. सतत दाब दिला तर ते खरेही आहे. आडवे झाल्यावर ज्याच्या घोट्याच्या रोहिणीत कसाबसा ५० मिलिमीटर दाब उरतो, त्याच्या पायावर ४० मिलिमीटरची पट्टी रात्रभर बांधून ठेवली तर ऊती मरू शकतात. तरीही खंडित दाबाने अशा पायाचा रक्तपुरवठा वाढतो. हे कसे, ते आकड्यांनी पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे ढोबळ घेतले आहेत.

माणूस खुर्चीवर पाय खाली सोडून बसला आहे. हृदयापासून घोट्यापर्यंत उंची ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर पाऱ्याची भर. हृदयाजवळच्या रोहिणीतला सरासरी दाब ९० धरला, तर निरोगी घोट्याच्या रोहिणीत तो १५० होईल. नीलेत ६० असेल. फरक ९०. आता समजा, अरुंद रोहिण्यांतून येताना ५० मिलिमीटर दाब वाटेतच खर्च झाला. मग रोहिणीत १०० उरतील, नीलेत ६०, आणि फरक फक्त ४०. रक्तही त्या मानाने कमी वाहील.

या माणसाच्या पावलाभोवती आणि पोटरीभोवतीच्या पट्ट्यात झटकन हवा भरली आणि तीन-चार सेकंदांत सोडून दिली. त्या क्षणी नीलांतले रक्त वर फेकले गेले आणि झडपा मिटल्या. उंच स्तंभ तुटला आणि नीलेतला दाब ६० वरून समजा १० वर आला. रोहिणीत अजूनही १०० आहेत. फरक झाला ९०, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून अधिक! हा फरक नीला पुन्हा भरेपर्यंत टिकतो आणि तेवढा वेळ केशवाहिन्यांतून जादा रक्त वाहते. रोहिणीचा अडथळा जसाच्या तसा आहे. आपण पुढची बाजू रेटली नाही, मागची बाजू मोकळी केली. दाबाने नीला रिकामी होते, पण उपाशी ऊतींना जादा रक्त मिळते ते दाब सोडल्यानंतरच्या उसंतीत.

म्हणूनच रोहिणीच्या रोगासाठीचे यंत्र वेगळ्या तालावर चालते. त्यात दाब बराच अधिक, सुमारे १२० मिलिमीटर असतो. पण तो तीन-चार सेकंदच टिकतो आणि मिनिटाला साधारण तीन वेळा येतो. रुग्णाला बसवून, पाय खाली सोडून हा उपचार देतात. आडवे झाल्यावर नीलेत दाबच नसतो, मग कमी काय करणार?

आणखी दोन गोष्टी मदतीला येतात. पाय खाली सोडला आणि नीला फुगल्या की लहान रोहिण्या आपोआप आकसतात. शरीराची ही सूज रोखण्याची युक्ती आहे. नीला रिकाम्या केल्या की हा आकस सैल होतो. दुसरे म्हणजे, वेगाने धावणारे रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तराला घासून जाते तेव्हा ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते. त्याने वाहिनी रुंदावते. शरीरातल्या या साध्या वायूचे निरोपाचे काम ओळखल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कल्पना मात्र जुनी आहे. १९३३ मध्ये लँडिस आणि गिबन या अमेरिकी संशोधकांनी पाय एका बंद पेटीत ठेवून आळीपाळीने हवा खेचण्याचे आणि दाबण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. यातील गिबन यांनीच पुढे हृदय-फुप्फुस यंत्र बनवले आणि १९५३ मध्ये त्याच्या साहाय्याने उघड्या हृदयावरची शस्त्रक्रिया यशस्वी केली.

पुरावा काय सांगतो

यंत्रामागचे तर्कशास्त्र पटले म्हणून उपचार सिद्ध होत नाही. रुग्णांवर तुलना करावी लागते, आणि तीही चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांत.

सर्वांत भक्कम पुरावा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचा आहे. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या २८७६ रुग्णांचे दोन गट पाडून एकाला हे यंत्र लावले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र लावलेल्यांपैकी ८.५ टक्के रुग्णांच्या पायाच्या वरच्या भागातील खोल नीलांत गुठळ्या झाल्या, न लावलेल्यांपैकी १२.१ टक्क्यांच्या. फरक ३.६ टक्क्यांचा. म्हणजे २८ रुग्णांना यंत्र लावले तर एकाची गुठळी टळते. त्याआधी २००९ मध्ये त्याच संशोधकांनी २५१८ रुग्णांवर मांडीपर्यंतचे घट्ट मोजे तपासले होते. त्यात गुठळ्यांचे प्रमाण १०.० आणि १०.५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले, आणि मोजे घातलेल्यांत कातडीला इजा मात्र अधिक झाली. या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. तरी सतत दाब आणि खंडित दाब या एकच गोष्टी नव्हेत, एवढे त्यांवरून दिसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अतिदक्षता विभागातील २००३ रुग्णांवर चार देशांत एक चाचणी झाली, त्यात भारतही होता. हे रुग्ण रक्त गोठू न देणारे औषध घेतच होते. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की औषधाच्या जोडीला यंत्र लावून विशेष फरक पडला नाही: ३.९ टक्के आणि ४.२ टक्के. म्हणजे औषध चालू असेल तेथे यंत्राची भर नगण्य ठरली. मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे ज्यांना असे औषध देता येत नाही त्यांच्यासाठी यंत्राचे मोल वेगळे आहे.

निकामी झडपांमुळे झालेल्या जखमांसाठी आजही मुख्य उपचार सतत दाबाची पट्टी हाच आहे. ती सोसवत नसेल किंवा तिने भागत नसेल तेव्हा यंत्र उपयोगी पडते. यंत्राच्या तालाचे महत्त्व २००५ मधील एका लहान चाचणीत दिसले. जलद दाबणाऱ्या यंत्राने ५२ पैकी ४५ रुग्णांच्या जखमा सहा महिन्यांत भरल्या, सावकाश दाबणाऱ्या यंत्राने ५२ पैकी ३२.

रोहिणीच्या रोगातला पुरावा आशादायक असला तरी तोकडा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००८ मधील अहवालात, रक्तपुरवठा फारच कमी असलेल्या आणि पावलावर न भरणारी जखम असलेल्या ४८ रुग्णांची माहिती आहे. यंत्र वापरलेल्या २४ पैकी ५८ टक्के रुग्णांची जखम भरून पाय वाचला. न वापरलेल्या २४ पैकी १७ टक्क्यांचाच वाचला. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, जुन्या नोंदींवरून केलेली ती तुलना होती. कदाचित यंत्र वापरणारे रुग्ण मुळातच इतर बाबतींत बरे असतील. म्हणून तज्ज्ञ या उपचाराला मदतनीस मानतात. नियमित चालण्याचा व्यायाम, तंबाखू सोडणे, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे, आणि गरज पडल्यास रोहिणीतला अडथळा दूर करणे किंवा त्याला वळसा घालणारा मार्ग जोडणे, हे खरे उपचार. ते पुरे पडत नाहीत किंवा शक्य नसतात तेव्हा यंत्राचा विचार होतो.

आधी पाय ओळखा

पाय आवळणारी यंत्रे आता मसाजाची म्हणून बाजारातही मिळतात, आणि दाबाची पट्टी तर औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते. म्हणून एक प्रश्न आधी विचारला पाहिजे: या पायात रक्त पोचत नाही, की तेथून परत फिरत नाही?

रुग्ण रात्री काय करतो याकडे लक्ष दिले तर बरेच कळते. ज्याचे रक्त परत फिरत नाही, तो पायाखाली उशी घेतो आणि त्याला बरे वाटते. ज्याचे रक्त पोचत नाही, तो पाय खाटेखाली लोंबकळत सोडतो, कारण ते ६० मिलिमीटर त्याला हवे असतात. पहिल्याच्या जखमा बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला असतात, दुसऱ्याच्या बोटांवर आणि टाचेवर. डॉक्टर याची खात्री करतात ती घोट्यातला रक्तदाब दंडातल्या रक्तदाबाने भागून. निरोगी माणसात हे गुणोत्तर १ च्या आसपास किंवा थोडे अधिक येते. ०.९ च्या खाली आले तर रोहिणीचा रोग आहे, आणि ०.५ च्या खाली असेल तर सतत दाबाची नेहमीची पट्टी बांधू नये. मधुमेहात कधी कधी रोहिण्यांच्या भिंती कडक होतात आणि गुणोत्तर खोटेच जास्त दिसते. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. शिवाय मधुमेहामुळे पाय बधिर झाला असेल, तर पट्टी काचते आहे हे रुग्णाला कळतही नाही.

तिसरा पाय सर्वांत धोक्याचा. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, विशेषतः शस्त्रक्रिया, बाळंतपण, लांबचा प्रवास किंवा अंथरुणावरच्या आजारानंतर, तर खोल नीलेत गुठळी झालेली असू शकते. आपल्या घरांत अशा वेळी तेल कोमट करून पोटरी रगडण्याची पद्धत आहे. ती येथे घातक ठरू शकते, कारण सुटलेली गुठळी रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते. असा पाय चेपू नये, चोळू नये, यंत्रात घालू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर क्षणाचाही विलंब नको. कातडीला जंतुसंसर्ग झालेला असेल, गँगरीन झाले असेल किंवा हृदय फारच दुबळे असेल तेव्हाही हे यंत्र वर्ज्य आहे. दुबळ्या हृदयाकडे पायातले सारे रक्त एकदम ढकलणे त्याला पेलत नाही.

वर्गात करण्यासारखे

हात वर-खाली करण्याचा आणि हार्वे यांचा, असे दोन प्रयोग वर आलेच आहेत. तिसरा थोडा चिकाटीचा आहे. शिंप्याच्या टेपने सकाळी शाळेत येताच आणि संध्याकाळी घरी जाताना शिक्षकांच्या पोटरीचा घेर मोजावा. पेनाने खूण करून रोज त्याच जागी मोजावे, नाहीतर आकड्यांना अर्थ राहणार नाही. एक आठवडा नेहमीप्रमाणे शिकवावे. दुसऱ्या आठवड्यात दर पंधरा मिनिटांनी वीस वेळा टाचा उचलाव्या आणि टेकवाव्या, आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटे चालावे. दोन आठवड्यांचे आकडे शेजारी मांडावेत. फरक मिळाला तर तो टाचा उचलल्यामुळेच आला हे कशावरून, उन्हाळा वाढला म्हणून किंवा तास कमी होते म्हणून कशावरून नाही, याची चर्चा विद्यार्थ्यांना करू द्यावी. गट कसे पाडले असते तर उत्तर अधिक खात्रीचे झाले असते, हेही त्यांनाच सुचवू द्यावे.

आकडे काहीही येवोत, टाचा उचलण्याची सवय शिक्षकांनी ठेवावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. आणि घरी कोणाचा एकच पाय अचानक सुजला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा, हे विद्यार्थ्यांनी घरच्यांना जरूर सांगावे.